नाव न विचारलेली गोळी

"हात पुढे कर आणि डोळे मीट."

दोन हजार सात सालातली ही गोष्ट. दुपार कलायला लागली होती. काजवालीने मांडीवरचा कोट बाजूला सारला, सुई मेणाच्या गोळ्यात खुपसली आणि मुकाट्याने उजवा हात पुढे केला. धाकट्या बहिणीने तिच्या तळव्यावर गोळी ठेवली, वर आपला तळवा झाकला आणि दोन्ही हात क्षणभर तसेच दाबून धरले.

"आता आ कर."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळ परवडलं. बाळ रडून सांगतं तरी. तू नुसती भिंतीकडे बघत बसणार. कर आ!"

काजवालीने आ केला. गोळी जिभेवर आली, मागून पाण्याचा पेला ओठांना लागला. गोळी गिळली गेली की नाही हे पाहिल्याशिवाय धाकटी पेला खाली ठेवायची नाही.

ही त्यांच्या आईची रीत. लहानपणी ताप येवो नाहीतर पोट दुखो, आई गोळी वेष्टनातून काढून आणायची, तळव्यावर ठेवून वर आपला हात झाकायची आणि डोळे मिटायला लावायची. औषधाचं नाव विचारलं की त्याचा गुण जातो, असं तिचं म्हणणं. खरी गोष्ट अशी होती की तिला वाचता येत नव्हतं आणि ते तिला मुलींना कळू द्यायचं नव्हतं. पुढे दोघी शिकल्या, शहाण्या झाल्या, आईची ती लबाडी त्यांच्या ध्यानात आली. तोवर आई गेली होती. रीत मात्र राहिली. माणूस गेलं की त्याचं खोटंसुद्धा मोडवत नाही.

गोळी झाली की धाकटी मागे येऊन उभी राहायची आणि थोरलीची मान चोळायला घ्यायची. अंगठ्याने, कानामागून खाली खांद्यापर्यंत. "दगड झालाय नुसता," असं पुटपुटायची. काजवाली डोळे मिटून घ्यायची. कुणी तेव्हा तिचा चेहरा पाहिला असता, तर हिची मान नाही, दुसरंच काहीतरी दुखतंय, हे त्याला कळलं असतं. पण धाकटी मागे उभी असायची.

तिला काजवाली म्हणायचे ते तिच्या कामावरून. खाली रस्त्यावर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान आणि जिना चढून वर तिची खोली. दुकानात शिवले जाणारे कोट काजासाठी वर यायचे. काज कापायचं, रेशमी दोरा मेणावरून ओढायचा आणि कापलेल्या कडेने एकाला एक लागून टाके घालत जायचं. यंत्राचं काज दोन धुण्यांत पिंजतं. तिचं काज कोट फाटला तरी शाबूत राहायचं. दिवसभर खाली घातलेली मान संध्याकाळी वर व्हायला तयार नसायची, एवढंच.

दुकानातल्या बायका तिला कंजूष म्हणायच्या. "सुई मागितली तर सुईसुद्धा देत नाही. सुईच्या नेढ्याएवढं मन!" ती ऐकून घ्यायची. आपली सुई तिने कधीच कुणाला दिली नाही. बोटाला टोचली तर चिंधी बांधून आधी रक्त थांबवायची, मग कापड हातात घ्यायची.

नवरा नोकरीपायी परगावी असायचा. परत आला तो आजार घेऊनच आणि वर्षभरात गेला. तापाने गेला, असं सगळ्यांना सांगितलं. मग तिची तपासणी झाली आणि तिलाही एचआयव्ही असल्याचं निघालं. तो काळ असा होता, की त्या आजाराचं नाव घेताना माणसं आवाज खाली करायची आणि ऐकणारी खुर्ची मागे सरकवायची. तिने कुणालाच सांगितलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठं रुग्णालय होतं, तिथून ती गोळ्या आणायची आणि बाटलीतून काढून बटणांच्या एका रिकाम्या डबीत ठेवायची. त्या गोळ्यांनी तिला अक्षरशः मरणाच्या दारातून परत आणलं होतं. काडीसारखे झालेले हात भरले, केस पुन्हा उगवले.

एक गोष्ट तेवढी परत आली नाही. कुणी काही म्हणायच्या आधी तीच लोकांपासून लांब सरली होती. आपला पेला वेगळा, रुमाल वेगळा, बसायची जागा वेगळी. भाची गळ्यात पडायला आली की हिच्या हातात नेमका टोचणाऱ्या टाचण्यांचा डबा असायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. माणसाच्या अंगाला माणसाचा हात लागावा लागतो, नाहीतर ते अंग आपलं वाटेनासं होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं.

मग एकदा मान खरोखरच धरली. धाकटी धावत आली, रुमालाच्या टोकाला गोळी बांधून. आईसारखा हातावर हात ठेवला आणि मान चोळली. काजवालीला त्या दिवशी रडू आलं. धाकटीला वाटलं, फारच दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी मान मोकळी होती. दुपारी जिन्यावर धाकटीच्या चपला वाजल्या आणि काजवालीचा हात आपसूक मानेकडे गेला.

"अजून दुखतेय?"

"दुखतेय गं."

तेव्हापासून रोज.

त्यात मास्तरांची भर. मास्तर म्हणजे दिलदार माणूस आणि खडूच्या डब्यात कायम गोळ्या बाळगणारा. "शिंक आली? घे गोळी. पाठ धरली? घे गोळी. गिऱ्हाईक भांडतंय? एक तू घे, एक त्याला दे!" असा त्यांचा खाक्या. लग्नाच्या कोटांची घाई असली की सकाळी एक आणि दिवेलागणीला एक गोळी ते जिन्यातून वर पाठवायचे. आणि कापडाच्या तुसांनी शिंका यायच्या, म्हणून सर्दीची गोळी ती स्वतःच घ्यायची. नाव यातल्या एकीचंही तिला ठाऊक नव्हतं. ज्या बाईला आपल्या आजाराचं नाव लपवायचं असतं, ती दुसऱ्या गोळीचं नाव कशाला विचारील?

पावसाळ्याच्या सुमाराला तिचं अन्नावरचं मन उडालं. दोन घास खाल्ले की मळमळायचं. काज कापताना हात जड वाटायचे. धाकटी म्हणाली, "वाळत चाललीस, ताई. थांब, उद्यापासून सकाळीही येते." आणि सकाळचीही गोळी सुरू झाली. काजवालीने नको म्हटलं नाही. म्हणवलंच नाही.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. त्यांनी रक्ताचा निकाल पाहिला आणि चष्मा खाली आणला.

"लिव्हर कुरकुर करतंय तुमचं. आमच्या गोळ्यांखेरीज दुसरं काही घेता? कुणाचा काढा? दुखण्याची गोळी?"

"नाही."

तिला तेवढ्यात दुपारचा जिना दिसला होता, धाकटीचा झाकलेला तळवा दिसला होता. 'घेते' म्हटलं असतं, तर 'बंद करा' असंच उत्तर आलं असतं. गोळी बंद झाली की हातही बंद.

पुढच्या खेपेला आकडे आणखी वर गेले होते. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून डोळा पाहिला, बरगडीखाली बोटं दाबून पाहिली.

"अजून कावीळ दिसत नाही, पण चिन्हं चांगली नाहीत. तुम्ही घेता त्या औषधांपैकी एक काही जणांच्या लिव्हरला बाधतं. ते थांबवावं लागेल."

"पण त्यानेच तर मी उठले."

"माहीत आहे. म्हणून तर जिवावर आलंय. बदली औषध यायला वेळ लागेल, ते मानवेलच असंही नाही. घरचं कोणी आहे का? पुढचं त्यांच्यासमोर बोलू."

"बहीण आहे."

"तिला माहीत आहे?"

काजवालीने नकारार्थी मान हलवली. बाकावर मागे बसलेला एक म्हातारा खोकत होता. आपण उभं राहताना भिंत धरायचो ते दिवस तिच्या डोळ्यांसमोरून गेले. औषध जाणार आणि ते दिवस परत येणार. आणि रुग्णालयाच्या ज्या गोळ्यांनी काही बिघडवलं नसेल, त्यांनाच कदाचित दोष दिला जाणार.

"डॉक्टरीणबाई, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "घेते मी. दुखण्याच्या गोळ्या. रोज. पुष्कळ."

डॉक्टरीणबाईंचा चष्मा पुन्हा कपाळावर गेला. "कुठल्या?"

"नाव माहीत नाही. आमच्यात विचारत नाहीत."

"विचारत नाहीत म्हणजे?"

"गुण जातो."

डॉक्टरीणबाई हसणार होत्या, हसल्या नाहीत. "हे बघा. उद्यापर्यंत मी काहीही बदलत नाही. आमच्या गोळ्या चालू ठेवा, बाकीची एकही तोंडात घालायची नाही. आणि उद्या मला सगळ्यांची नावं हवीत. ज्यांनी दिल्या त्यांना विचारा. जाऊ दे गुण गेला तर."

मास्तरांना विचारणं सोपं होतं. ते डबा उपडा करून बसले. "ही लांबट पांढरी. आता नाव म्हणशील तर... हिला आपण लांबट पांढरीच म्हणतो." मग चष्मा शोधला, तो गळ्यातच होता. त्यांनी वेष्टनाचा तुकडा कातरीने कापून दिला आणि वर विचारलं, "का गं, खोटी निघाली की काय? मी अर्ध्या रस्त्याला वाटल्यात!" सर्दीच्या गोळीचं रिकामं पाकीट तिच्याच केराच्या डब्यात सापडलं.

राहिली धाकटी.

धाकटी आली, घामाने डवरलेली, पोरीच्या शाळेच्या बाईंना शिव्या घालत. रुमालाची गाठ सोडली. "हात पुढे कर आणि डोळे मीट."

काजवालीने हात पुढे केला. धाकटीचा तळवा वर आला. काजवालीने डोळे मात्र मिटले नाहीत.

"हिचं नाव काय गं?"

"अगं बाई, नाव विचारतेस? गुण जाईल!"

"जाऊ दे. सांग."

धाकटीचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. "काय झालंय?"

"माझं लिव्हर बिघडलंय. कशाने ते डॉक्टरांना शोधायचंय. मी दुसरीही औषधं घेते. खूप वर्षं घेतेय." तिने श्वास घेतला. "मला एचआयव्ही आहे. तुझ्या भावजींकडून आलेला."

खाली दुकानात शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. धाकटीचा हात तिच्या हातावर होता. तो लगेच निघाला नाही, हे काजवालीने पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं. निघाला; पण लगेच नाही.

"माझी पोर तुझ्या ताटात जेवलीये," धाकटी म्हणाली.

"त्याने होत नाही."

"तुला काय माहीत?"

"विचारलंय मी. तिच्यासाठीच दहादा विचारलंय."

धाकटीने पिशवीतून गोळ्यांचं चुरगळलेलं पाकीट काढलं, बटणांच्या डब्यांशेजारी ठेवलं आणि ती गेली. जिन्यावर चपला वाजल्या, आधी सावकाश, मग घाईघाईने. काजवालीच्या उताण्या तळव्यावर गोळी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिन्ही वेष्टनं टेबलावर ओळीने मांडली आणि डोक्याला हात लावला.

"पाहुणा एकच आणि तीन घरांत तीन नावांनी जेवून गेलाय! ही तुमच्या बहिणीची, हे पॅरासिटामॉल. ही मास्तरांची, हिच्यात दोन औषधं, त्यातलं एक तेच. आणि सर्दीच्या गोळीतही तेच. औषध वाईट नाही बरं का. ताप आला, डोकं दुखलं तर आमच्या औषधांबरोबरही ते चालतं. पण ठरल्या मापात, चार दिवस आणि आम्हाला सांगून. तुमचं वजन हे एवढं, पोटात अन्न नाही आणि लिव्हरला आधीच आमच्या गोळ्यांचं काम. त्याने किती ओढायचं?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी तर चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते. बरं झालं बोललात."

औषध वाचलं. दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, आठवड्या-आठवड्याने रक्त तपासलं जाऊ लागलं आणि आकडे हळूहळू खाली येऊ लागले. काजवालीला भूक लागायला लागली.

पण दुपारी जिना वाजला की तो दुसऱ्याच कुणासाठी वाजायचा. दूधवाला, वरच्या मजल्यावरची शिक्षिका, कोट घेऊन येणारे मास्तर. प्रत्येक पावलाला तिची सुई थांबायची. धाकटी पहिल्या पायरीवर चप्पल घासते, मधल्या वळणावर दम खाते, शेवटच्या पायऱ्यांवर हाका मारते, हे सगळं कानाला पाठ होतं. त्यातलं काहीच ऐकू यायचं नाही. रागावून मन मोकळं करावं, तर राग येत नव्हता. धाकटीच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, याचं खात्रीचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. यकृत भरून येत होतं आणि जीव मात्र झुरत होता. कधी वाटायचं, गप्प बसले असते तर? मेले असते कदाचित, पण दुपार तरी असती.

मास्तरांनी विचारलंच एकदा. "धाकटी दिसत नाही? भांडलात?"

"नाही हो."

"मग भांडा. भांडण म्हणजे निदान येणंजाणं असतं."

पाऊस सरला. एका दुपारी पहिल्या पायरीवर चप्पल घासली गेली. मधल्या वळणावर कुणीतरी दम खाल्ला. हाका मात्र आल्या नाहीत. धाकटी दारात येऊन उभी राहिली आणि चौकटीचा रंग नखाने खरवडू लागली.

"ये की," काजवाली म्हणाली.

"मोठ्या रुग्णालयात गेले होते मी, त्या आजाराच्या विभागात. नाव नाही सांगितलं तुझं. म्हटलं, एकीला असा आजार आहे, तर तिच्या बहिणीने काय काय करू नये? मला वाटलं, मोठं काहीतरी सांगतील. तिथल्या बाई विचारतात काय, तिला दुखतंय कुठे? मी म्हटलं मान. म्हणाल्या, मग मान चोळून द्या, शेकून द्या. गोळी आम्हाला विचारून. झालं! एवढ्यासाठी मी दोन बस बदलून गेले."

काजवालीला हसू आवरलं नाही. धाकटी हसली नाही.

"त्या दिवशी घरी जाऊन मी हात धुतले, ताई. साबण लावून. पुन्हा पुन्हा. नंतर स्वतःच्याच हातांची किळस आली मला."

"मीही धुतले होते पहिल्यांदा. माझेच."

धाकटी आत आली. शेजारी बसली नाही, समोर बसली. बटणांच्या डबीत बोट फिरवू लागली. मग म्हणाली, "एक खरं सांग. मान रोज दुखायची?"

"कधी कधी दुखायची."

"आणि बाकीचे दिवस?"

काजवालीने मांडीवरच्या कोटाचं काज सारखं केलं. सारखंच होतं ते.

"बाकीचे दिवस तू यायचीस."

धाकटीने तोंडावर हात दाबून धरला. मग नाक ओढलं, डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "मग तसं सांगायचं होतंस ना, वेडे! मी काय नुसती आले नसते? विष घालत होते की मी तुला माझ्या हाताने!" आणि उठून शेजारी येऊन बसली. "हात पुढे कर."

"गोळी नको गं."

"हात पुढे कर म्हणते ना. डोळे मीट."

तळव्यावर तळवा आला. मध्ये काही नव्हतं.

भाचीला मात्र धाकटी बरेच महिने घेऊन आली नाही, आणि काजवालीनेही विचारलं नाही. शेवटी ती पोरगीच एक दिवस शाळेतून परस्पर जिना चढून आली आणि मावशीच्या ताटात जेवायला बसली. तिला शोधत आलेली धाकटी दारातून पाहत राहिली आणि पाणी आणायला वळली.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मास्तरांचे डोळे गेले, तयार कपड्यांपुढे दुकान टिकलं नाही. पण शेवटपर्यंत कुणी गोळी मागितली की ते समोरच्यालाच वेष्टन वाचायला लावायचे, हजेरी घ्यावी तसं मोठ्याने. डॉक्टरीणबाईंची बदली झाली; त्या कुठे आहेत, कुणाला माहीत नाही. भाची दूरच्या शहरात नांदते, तिचा फोन येतो.

धाकटी गेली. जिला काही म्हणता काही आजार नव्हता, ती एका सकाळी पाणी भरता भरता खाली बसली आणि उठलीच नाही. जिच्या नावाने लोकांनी कधीच पाणी सोडलं असतं, ती थोरली राहिली. तिचं यकृत ठणठणीत आहे. आता दिवसाची एकच गोळी असते. औषधाच्या दुकानात ती प्रत्येक गोळीचं नाव विचारते, पाकीट फिरवून आत काय आहे तेही वाचून घेते. दुकानदाराने तिचं नाव 'नावआजी' ठेवलंय.

काजं ती अजून करते, थोडीच. दुपार कलली की सुई मेणाच्या गोळ्यात खुपसते आणि उजवा हात मांडीवर आपोआप उताणा होतो. जिन्यावर पावलं वाजतात, वरच्या मजल्याकडे निघून जातात. मग ती डोळे मिटते, डावा हात उजव्यावर ठेवते, क्षणभर दाबून धरते आणि पुन्हा सुई उचलते.